भिंत न पाहिलेला लीलाधर

जळगावहून एरंडोलला निघालेल्या एसटीत लीलाधरच्या मांडीवर अख्खा आशिया खंड येऊन पडला, तेव्हा तो शेंगा सोलत होता.

नकाशा होता तो. भिंतीवर टांगायचा, वर-खाली लाकडी दांड्या असलेला, कोरा करकरीत. शेजारच्या मुलीने तो गुंडाळून उभा धरला होता. पाळधीच्या अलीकडे बस खड्ड्यात आपटली, सुतळी तुटली आणि सैबेरिया पुढच्या सीटवरच्या आजोबांच्या टोपीवर, अरबस्तान खिडकीत अन् उरलेलं सगळं लीलाधरच्या मांडीवर पसरलं. शेंगांची टरफलं बंगालच्या उपसागरात गेली.

“अगं बाई! लागलं का तुम्हाला?”

“नाही, नाही, ता…” म्हणता म्हणता लीलाधरने जीभ चावली. अनोळखी मुलीला ताई म्हणायची सवय त्याच्या अंगात मुरलेली. पण या मुलीकडे एकदा नीट बघितलं आणि ती सवय आजच्यापुरती तरी सोडावी असं त्याला फार वाटलं. फिकट जांभळी साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि कानाच्या पाळीवर खडूची एक पांढरी रेघ — जिचा तिला पत्ताच नव्हता.

“नवीन आहे हो,” ती टरफलं वेचत म्हणाली. “शाळेचा. दोन वर्षं मागे लागून लागून मिळालाय.”

आता इथे लीलाधरने नुसतं ‘असू द्या’ म्हटलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्याची नजर नकाशावरच्या त्या भल्या मोठ्या पिवळ्या देशावर गेली, आणि छाती आपोआप फुगली.

“मी जाऊन आलोय तिथे.”

“कुठे?”

“चीनला! शांघायला. हे बघा… इथे.” त्याने शेंगांनी खारटलेलं बोट ऐटीत नकाशावर टेकवलं.

तिने आधी बोटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मग दोन्ही दांड्या धरून तिने नकाशाच अलगद, दोन बोटं उजवीकडे सरकवला. लीलाधरचं बोट जपानवर होतं. ते समुद्र ओलांडून बरोबर शांघायवर आलं.

“हं,” ती म्हणाली. “आता बोला.”

लीलाधर बोलला. एरंडोल येईपर्यंत बोलला. चीनची ती प्रसिद्ध भिंत किती रुंद, तिच्यावरून आपण कसे चाललो, खाली ढग कसे होते… ती हनुवटीखाली मूठ धरून ऐकत होती. मधेच डोळे बारीक करायची. ते कौतुकाने की कशाने, हे त्याला कळेना.

“एवढं सगळं एका दिवसात पाहिलंत?”

“एकच दिवस सुट्टी होती ना. सकाळी शांघायहून निघालो, संध्याकाळी परत.”

“हो का…” ती म्हणाली. त्या ‘हो का’मध्ये बरंच काही होतं. “आमच्या मुलींसमोर बोलाल का एकदा? मी सुगंधा. इथल्या कन्याशाळेत भूगोल शिकवते.”

भूगोल! लीलाधरने बोटावरचं मीठ घाईघाईने पँटला पुसलं. पण तोंडातून शब्द निघाला तो “येईन की!”

खरी गोष्ट अशी होती, की लीलाधरने भिंत पाहिलीच नव्हती. भिंतीचा दगडसुद्धा पाहिला नव्हता.

तो नशिराबादचा. जळगावच्या एमआयडीसीत मगनशेठच्या पाइपांच्या कारखान्यात फिटर. त्र्याण्णव सालच्या दिवाळीआधी शेठ नवं मशीन बघायला शांघायला निघाले आणि मशीनमधलं ज्याला कळतं असा माणूस म्हणून याला बरोबर घेऊन गेले. चार दिवसांतले तीन तिथल्या मशीनच्या कारखान्यात गेले. चौथ्या दिवशी शेठचं पोट बिघडलं. ते हॉटेलात खाकरे खात पडून राहिले आणि लीलाधर एकटाच शहर बघायला बाहेर पडला. पहिल्याच बसमध्ये चुकला. दिवसभर हरवला. रात्री जेवणाच्या वेळेला कसाबसा परत पोचला, तेव्हा शेठने विचारलं, “काय पाहिलं?” त्याने सांगितलं. शेठ कपाळावर हात मारून म्हणाले, “अरे गाढवा, हे बघायला चीन कशाला हवं? हे तर आपल्या जळगावच्या बळीराम पेठेत आहे!”

ते लीलाधरला लागलं. नशिराबादला आल्यावर पानटपरीवर नथ्थूने पहिलाच प्रश्न केला, “भिंत पाह्यली का?” हा म्हणाला, “नाही रे.” सगळ्यांचे चेहरे असे उतरले, जसा काही हा शेजारच्या भुसावळलाच जाऊन आला. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न दुसऱ्याने विचारला, तेव्हा लीलाधर म्हणाला, “पाह्यली.” झालं! चहा आला, बसायला खुर्ची आली. त्यानंतर भिंत दर आठवड्याला थोडी थोडी वाढत गेली.

शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून कन्याशाळेत हजर झाला. फळ्याशेजारी तोच नकाशा टांगलेला. दीडशे मुली, दोन वेण्या एकेकीच्या, आणि मागे बाकावर वही-पेन घेऊन सुगंधा. भाषण झकास झालं. टाळ्या पडल्या. मग बाईंनी हात वर केला.

“भिंतीवर उभे होतात तेव्हा वारा कुठल्या बाजूचा होता?”

“वारा? वारा… सगळीकडूनच होता, बाई.”

मुली फिसकन हसल्या. सुगंधाने गंभीरपणे वहीत काहीतरी लिहिलं.

“आणि वाटेत नद्या किती लागल्या?”

“दोन.”

“फक्त दोन?”

“तिसरीला झोप लागली होती.”

“नदीला?”

“मला!”

या वेळी मात्र तिने वही तोंडासमोर धरली. वहीच्या वर फक्त डोळे दिसत होते, आणि ते डोळे हसत होते. लीलाधर त्या दिवशी कामातून गेला. जळगावला उतरायचं सोडून बसमध्ये बसून राहिला आणि कंडक्टरने हलवून उतरवला.

पुढच्या दोन महिन्यांत एरंडोल तालुक्यातले पाइप फार गळायला लागले. निदान शेठला तो तसं सांगत होता. दर बुधवारी तक्रार बघायला जायचा आणि पाचच्या सुमाराला शाळेच्या फाटकाशी ‘सहज’ उभा राहायचा. तिथून बसस्टँड दहा मिनिटांचा रस्ता. ते दोघं तो अर्ध्या तासात चालायचे. तिच्या प्रश्नांना पुरं पडावं म्हणून लीलाधर जळगावच्या वाचनालयात चीनवरची पुस्तकं वाचायला लागला. मिंग, चिंग, तांग ही राजघराणी पाठ करायचा आणि तिच्यासमोर आला की सगळ्यांची भेळ व्हायची.

“गेल्या बुधवारी भिंत मिंगांनी बांधली होती,” ती म्हणायची.

“मिंग आणि तांग… भाऊभाऊच ना?”

“साडेचारशे वर्षांचं अंतर आहे हो.”

“मग मोठे भाऊ.”

ती खळखळून हसायची, रस्त्यात थांबून, पदर सावरत. लीलाधर त्या हसण्यासाठी वाट्टेल ते खोटं बोलायला तयार होता. पण घरी परतताना बसच्या खिडकीशी बसला की जीव आंबट व्हायचा. हसते ती कोणाला? भिंतीवर चाललेल्या माणसाला. तो तर मी नाहीच…

मग एका बुधवारी ती हसलीच नाही.

“रविवारी धुळ्याची मंडळी येणार आहेत,” चपलेने रस्त्यावरचा खडा ढकलत ती म्हणाली. “बघायला. मुलगा बँकेत आहे.”

“चांगलं आहे की,” लीलाधर म्हणाला. आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

“शिरपूरच्या पलीकडे कधी गेला नाही. जावंसंही वाटत नाही म्हणे त्याला.”

“ते… तेही चांगलंच आहे.”

“आहे ना.” तिने खडा जोरात उडवला. “आबांनी तुम्हाला शुक्रवारी घरी बोलावलंय. चीनबद्दल ऐकायचंय त्यांना. आणि लीलाधरभाऊ…”

भाऊ! काळजात कळ आली.

“…जरा विचार करून या.”

सुगंधाचे वडील झुलालआबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. चौतीस वर्षं काढून नुकतेच निवृत्त झालेले. कोणती गाडी कोणत्या स्टँडवरून किती वाजता सुटते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी मिनिटासकट सांगत. शुक्रवारी लीलाधर ओट्यावरून आत आला, तेव्हा ते आरामखुर्चीत ताठ बसले होते. शेजारी त्यांची थोरली बहीण भिकुअक्का लसूण सोलत होती. सुगंधा आत चहा करत होती. कपबशांचा आवाज जरा जास्तच येत होता.

“बसा,” आबा म्हणाले. “पोर सांगते, शांघायहून भिंतीवर गेलात. सकाळी गाडी किती वाजता सुटली?”

“सात… साडेसात.”

“साडेसात. थेट गाडी?”

“थेट.”

“परत कधी?”

“संध्याकाळी सात.”

आबांनी डोळे मिटले. चौतीस वर्षांची वेळापत्रकं त्या पापण्यांआडून सरकताना दिसत होती. “जाऊन-येऊन साडेअकरा तास. थांबा धरा दोन तासांचा. सुगंधा, अंतर किती गं?”

आतला कपबशांचा आवाज थांबला.

लीलाधरने दाराकडे बघितलं. ती चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने नुसतं ‘माहीत नाही’ म्हटलं असतं तरी तो वाचला असता.

“बाराशे किलोमीटर, आबा,” ती हळूच म्हणाली. “एका बाजूचं.”

आणि तिने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत थट्टा नव्हती. सवयीची गाडी लागायची वेळ झाली की माणूस रस्त्याकडे बघतो ना, तशी ती बघत होती. वाट बघत होती.

“बाराशे!” आबा म्हणाले. “म्हणजे चोवीसशे किलोमीटर साडेनऊ तासांत. आमची एशियाड गाडीसुद्धा…”

“आबा,” लीलाधर म्हणाला, “मी भिंत पाहिली नाही.”

लसूण सोलणारे हात थांबले.

“भिंत दखाले इतला लांब कसाले जावो?” भिकुअक्काने अहिराणीत त्याची बाजू घेतली. “आपला घरले बी चार भिंती शेतस!”

“अक्का, थांब जरा. मग पाहिलं काय तुम्ही?”

“काही नाही, आबा. सायकलचं दुकान.”

आता मागे फिरायला वाट नव्हती. मान खाली घालून लीलाधरने तो दिवस पहिल्यांदा धड सांगायला घेतला.

“नदीकाठच्या मोठ्या इमारती बघायच्या म्हणून बसमध्ये चढलो. दोन बस एकमेकींना जोडलेल्या, मधे भात्यासारखं. गर्दी अशी की माझे पाय जमिनीला नव्हते. एका थांब्यावर सगळे उतरले, त्यांच्याबरोबर मीही उतरलो… म्हणजे उतरवला गेलो. बारीक पाऊस सुरू झाला. समोर गल्ली. वरती या घरापासून त्या घरापर्यंत बांबू टाकलेले आणि त्यांवर सगळ्या गल्लीचे कपडे. एक बाई घाईघाईने बांबू आत ओढत होती, एक टोक निसटलं. मी धरलं. दुसऱ्या खिडकीतून दुसरी ओरडली, तिचाही धरला. मग काय, अर्धा तास मी चीनमध्ये लोकांचे लेंगे गोळा करत होतो.”

ट्रेमधल्या कपबशा किणकिणल्या. लीलाधरने वर बघायचं धाडस केलं नाही.

“त्यांनी स्टूल दिलं, मगभर गरम पाणी दिलं. नुसतं पाणी, आबा! मी चहाची वाट बघत राहिलो. कोपऱ्यावर एक म्हातारा सायकली दुरुस्त करायचा. चाक आउट झालेलं, आणि तो आरे नको त्या बाजूला पिळत होता. मला राहवेना. मी गावच्या बोलीत म्हटलं, ‘बाबा, इतकं पियू नको, आटा जाईन.’ तो काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, ‘हां, तेच म्हनतो मी.’ मग त्याने पाना माझ्या हातात दिला. दुपारपर्यंत आम्ही सात सायकली केल्या. तो त्याच्या भाषेत बोलायचा, मी माझ्या. बहुतेक त्याची सून त्याचं ऐकत नव्हती. मीही त्याला शेठबद्दल सगळं सांगून टाकलं.”

“तठे भाकर भेटनी का?” अक्काने विचारलं.

“नाही, अक्का. वाडगाभर शेवया आणल्या, त्यात काय काय पोहत होतं. मी हात जोडले. मग एका आजीने घरातून केळं आणलं. मी ते बघत बसलो, कारण… गावाची आठवण आली. तिला वाटलं, याने केळं कधी पाहिलेलं नाही. तिने ते माझ्या हातातून घेतलं, वरून कसं धरायचं, साल कशी ओढायची, सगळं सावकाश दाखवलं. मला! केळीच्या बागांत वाढलेल्या नशिराबादच्या माणसाला!”

“मग तुम्ही काय केलंत?” हा आवाज सुगंधाचा होता.

“शिकलो. दुसरं तिच्यासमोर सोलून दाखवलं. सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या.”

आबांचं पोट हलायला लागलं होतं, पण चेहरा अजून नियंत्रकाचाच होता.

“परत कसे आलात?”

“हॉटेलचं कार्ड पावसात भिजून लगदा झालेलं. मी खडूने फरशीवर हॉटेल काढलं, दारात दोन सिंह काढले. लोकांना वाटलं कुत्रे आहेत. एकाने आपला कुत्रा आणून दाखवला. शेवटी एका शाळकरी पोरीच्या डोक्यात उजेड पडला. म्हाताऱ्याने दुकान बंद केलं आणि मला बसपर्यंत सोडायला आला. भिजत उभा राहिला बस हलेपर्यंत. बस. एवढंच. नाव नाही विचारलं त्याचं, आणि विचारलं असतं तरी मला कळलं नसतं.”

मग भिकुअक्काने पदराने डोळे टिपले.

“तो म्हतारा जेवना का मंग?”

आबा खाकरले. “बसचा नंबर?”

“एकाहत्तर.” लीलाधरने पाकिटातून बोटाएवढा पातळ कागद काढला. “हे तिकीट.”

आबांनी चष्मा लावला. तिकीट उजेडाकडे धरलं, उलटं केलं, अंगठ्याने कागद चाचपला. “पंच नाही. पेनाची खूण करतात,” ते स्वतःशीच म्हणाले. तिकीट परत द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, हे लीलाधरच्या लक्षात आलं.

“राहू द्या, आबा. तुम्हीच ठेवा.”

“खोटं किती जणांना सांगितलंय?” तिकीट खिशात ठेवत आबांनी विचारलं.

“सगळ्या नशिराबादला. आणि… कन्याशाळेला.”

“मग सोमवारी शाळेत या,” सुगंधा म्हणाली. चहा पार निवला होता; तिने तो तसाच त्याच्यासमोर ठेवला. “माझ्या मुलींना खोटा भूगोल चालणार नाही.”

शनिवार गेला. रविवार तर जाता जाईना. धुळ्याची बस किती वाजता आली असेल, पोहे झाले असतील का, त्या बँकवाल्याला ती नकाशा दाखवेल का, असले विचार करत लीलाधरने दिवस घालवला आणि संध्याकाळी पानटपरीवर जाऊन नथ्थूला सगळं खरं सांगून टाकलं. नथ्थू बराच वेळ चुना मळत राहिला. मग म्हणाला, “केयं सोलाले शिकवलं तुले? परत सांग बरं ते.”

सोमवारी तीनशे वेण्यांसमोर त्याने भिंत पाहिली नसल्याचं कबूल केलं, तेव्हा सगळे चेहरे उतरले. पण लेंग्यांपर्यंत पोचला आणि वर्गाचं छप्पर उडायची वेळ आली. केळ्याला तर मुख्याध्यापिका मंजुळाबाईंनी सुद्धा टेबलाला धरलं. शेवटी पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत पोरगी उठली.

“बाई, तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना, हे भिंतीवर गेले नव्हते?”

“बस खाली,” सुगंधाबाई म्हणाल्या, आणि कानापर्यंत लाल झाल्या.

त्या संध्याकाळी स्टँडचा रस्ता त्यांनी फारच हळू चालला.

“माहीत होतं?” लीलाधरने विचारलं.

“बोट जपानवर होतं तेव्हापासून.”

“मग ते सगळे प्रश्न… वारा, नद्या…”

“एका दिवसात सगळे विचारले असते तर तुम्ही दुसऱ्या बुधवारी आला असतात का?” ती समोर बघत म्हणाली. “पण खरं कधी सांगाल याची वाट बघत होते. खोटं बोलणाऱ्या माणसाबरोबर हसता येतं हो… राहता नाही येत.”

जळगावची गाडी लागली होती. लीलाधर चढला, खिडकीशी बसला. ती खाली उभी होती; पायाशी पिशवी, कानावर आजही खडू.

“धुळ्याची मंडळी… आली होती?” त्याने एकदाचं विचारलं.

“नाही. शनिवारीच आबांनी तारेने कळवलं. येऊ नका म्हणून.”

“का?”

“मुलीचं जमलंय म्हणून.”

लीलाधरचा चेहरा पडला. “जमलं? कोणाशी?”

तिने डोळे विस्फारून त्याच्याकडे बघितलं. कंडक्टरने दोनदा घंटी मारली, गाडी हलली, आणि सुगंधा पदर तोंडाला लावून हसता हसता वाकली.

“अहो… कोणाशी म्हणजे काय!”

गाडी स्टँडबाहेर पडली. हायवेला वळली. लीलाधर खिन्नपणे बाहेर बघत होता. पेट्रोल पंप गेला, लाकडाची वखार गेली… आणि वखारीच्या पुढे गेल्यावर तो एकदम सीटवरून उभा राहिला.

“थांबा! उतरायचंय!”

“आत्ता तर जळगावचं तिकीट काढलं ना?” कंडक्टर ओरडला.

“चुकीच्या गाडीत बसलोय!” म्हणत लीलाधरने स्वतःच घंटीची दोरी ओढली. कंडक्टरने त्याचा आणि त्याच्या खानदानाचा उद्धार केला, तो त्याला ऐकूसुद्धा आला नाही. गाडी पुरती थांबायच्या आत त्याने उडी मारली आणि इस्त्रीच्या शर्टानिशी, धूळ उडवत, हायवेच्या कडेने उलटा पळत सुटला.

सुगंधा अजून तिथेच उभी होती. धापा टाकत तो समोर आला तेव्हा तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“कळलं?”

“कळलं,” लीलाधर म्हणाला. गुडघ्यांवर हात ठेवून त्याने श्वास घेतला. “वखारीपाशी.”

“अर्धा किलोमीटर,” ती म्हणाली, आणि आपली पिशवी उचलून त्याच्या खांद्याला अडकवली. “चला घरी. अक्काने आज पुरणाचा घाट घातलाय. पण आधी ते केळ्याचं तिला परत एकदा सांगावं लागेल तुम्हाला.”